सिंधच्या धारेत चार दिवस

लष्कर नावाच्या आमच्या शहरातल्या मराठी माणसानं सिंध नदी पाहिलेली असते ती झाशीच्या गाडीच्या खिडकीतून. पूल आला की बायका हात जोडतात, मुलं खांब मोजतात, आणि पूल संपला की सगळे पुन्हा शिदोरीकडे वळतात. मीही तीस वर्षं एवढीच सिंध पाहिली होती. यंदा दसऱ्यानंतर मात्र तिच्या पाण्यावर चार दिवस काढले. शिवपुरीच्या जंगलापासून नरवरच्या किल्ल्याखालपर्यंत ही नदी एका खोल घळीतून येते. काठानं धड वाट नाही, त्यामुळे तो टापू आमच्या लोकांपैकी फारसा कुणी पाहिलेला नाही. तिथलं पाणी, माणसं, खाणं यांविषयी लिही, असं मित्र म्हणाले. ते लिहितोच. पण त्या चार दिवसांत मी पाण्याकडे पाहिलं त्याहून जास्त माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि ते कौतुकानं पाहिलं असं म्हणता येणार नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

मी संस्थानच्या पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहे. घर लष्करातल्या कंपू भागात. आमचे पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इकडचेच झाले. सिंधवर बंधारा कुठं घालता येईल हे ठरवण्याआधी खात्याला घळीचा नकाशा हवा होता. पात्र किती रुंद, खडक कुठं, पाणी किती खोल, हे नावेतून जाऊनच टिपता येणार होतं. मोठ्या साहेबांनी काम माझ्यावर टाकलं. पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. येत नाही, हे मी सांगितलं नाही.

माझी बायको यशोदा मालवणच्या बाजूची. तिच्या वडिलांचा मालाचा मचवा आहे. तिचे मामा इकडे फौजेच्या बँडात होते, त्यांनी हे स्थळ जमवलं. लग्नाला चार वर्षं झाली. तेवढ्या काळात तिनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. दौऱ्याचं बोलणं कानावर पडलं तेव्हा मात्र ती पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली.

"मला न्याल?"

"अगं, ती काय जत्रा आहे? जंगल आहे. नावेत बसून जायचंय."

"नाव आहे म्हणूनच विचारते."

दौऱ्यावर बायकोला नेलेलं आमच्या खात्यात चालतं. आईनं नाक मुरडलं, पण मी हो म्हणालो. घरात ही माझ्या चार वाक्यांना एक 'हं' देते. तिथं चार गोष्टी विचारील, मी सांगीन, माझं काम काय आहे ते हिला दिसेल, असं माझ्या मनात होतं.

घाटावर

अरुंद रुळांच्या लहान आगगाडीनं शिवपुरीला आणि तिथून बैलगाडीनं नदीवर आलो. नाव तयार होती. फळ्यांची, सपाट बुडाची, चौघं माणसं आणि थोडं सामान बसेल एवढी. मालक परमा केवट पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, एका डोळ्यात फूल पडलेलं. तो मागं उभा राहून लांब वल्ह्यानं नाव वळवणार होता, आणि त्याचा मेव्हणा हल्के पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसून आखूड वल्हं मारणार होता. मधे मी, माझी वही, मोजणीची साखळी, आणि यशोदा.

परमानं मला मुजरा केला आणि तिला हात धरून बसवायला पुढं आला. ती त्याच्याआधीच नावेत चढली होती. चढताना नाव डगमगली नाही. मी चढलो तेव्हा हल्केला वाळूत उतरून नाव धरावी लागली.

पहिल्या दिवशी पाणी संथ होतं. पाऊस संपून गढूळपणा खाली बसला होता. दोन्ही बाजूंना तांबूस खडक, त्यांच्या बेचक्यांतून वाकलेली अर्जुनाची झाडं, आणि वाळूच्या पट्ट्यावर तोंड उघडून पडलेल्या मगरी. मगरी डोहात असतात, धावत्या पाण्यात येत नाहीत, असं परमानं सांगितलं. मला तेवढ्यानं धीर आला नाही. यशोदेनं पाण्यात हात घातला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि हसली.

"एवढं पाणी, आणि सगळं गोड!" ती म्हणाली. "आमच्याकडे एवढं दिसलं की ते खारंच."

मी तिला नदीचा उगम सांगितला, कुठली उपनदी कुठं मिळते ते सांगितलं. ती 'हं' म्हणाली. मग तिनं मागं वळून परमाला विचारलं, "कक्का, वो उधर पानी काला क्यों दिखता?" आणि परमा अर्धा तास बोलत राहिला.

इथं एक सांगायला हवं. लष्करात यशोदेच्या हिंदीला सगळे हसतात. शेजारणी हसतात, माझी बहीण नक्कल करते, आणि मीही चारचौघांत तिची वाक्यं दुरुस्त केली आहेत. ती मग बोलायचंच टाळते. परमाची बोली बुंदेली, आम्हालाही जरा जड जाणारी. पण ह्या दोघांचं कुठं अडलं नाही. ती मराठी शब्द टाकी, तो बुंदेली टाकी, आणि हातांनी पाणी दाखवून दोघं एकमेकांना समजत.

"त्याला कक्का नको म्हणूस," मी हळूच म्हणालो. "आपण सरकारी कामावर येऊन राहिलो आहोत."

"येऊन राहिलो आहोत," ती माझ्यासारखं म्हणाली आणि तोंडावर पदर धरला. "आमच्याकडे 'आलो आहोत' म्हणतात."

मला हसायला हवं होतं. मी वहीत खोली लिहिली.

दुपारनंतर पहिलं धावतं पाणी आलं. मोठं नव्हतं. नदी उतारावरून गोट्यांवर घसरत होती, तेवढंच. नावेचं टोक खाली गेलं आणि मी दोन्ही हातांनी काठ धरला. यशोदेनं काहीही धरलं नाही. नाव डावीकडे कलली की ती उजवीकडे झुके, तीही इतकी सहज की पाळण्यात बसली आहे असं वाटावं. खाली संथ पाण्यात आल्यावर परमा म्हणाला, "बाईसाब तो पानी की हैं।"

"खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात," तिनं मला सांगितलं. "बाबा मला पुढं बसवायचे. मी सांगायची कुठून जायचं ते."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मुक्कामाला परमानं शेणींच्या निखाऱ्यात गाकर भाजले. आपल्या बट्ट्यांसारखाच प्रकार, पण बोटांनी दाबून चपटे केलेले, वर राख फुंकून तूप. वांगी त्याच निखाऱ्यात भाजून हाताने कुस्करली, वर हिरवी मिरची आणि मीठ. आमच्या घरी भरताला फोडणी नसली तर कुणी ताटाला बसणार नाही. मी ते भरीत तीनदा मागून घेतलं. हल्केनं गळाला लागलेला मासा आणला होता. यशोदेनं गाठोड्यातून माहेरची आमसुलं काढली आणि पातळ, तांबडं कालवण केलं. परमा बोटं चाटत होता. मासा कापताना कुठून धरावा, कुठल्या माशाला काटे कसे, यावर तिघं बोलत बसले. मला काटे काढता येत नाहीत. मी एका कडेला बसून एकेक काटा ताटाच्या काठावर लावत राहिलो. माझी बायको एका दिवसात नावाड्याशी जितकं बोलली, तितकं माझ्याशी वर्षभरात बोलली नव्हती.

सातधार

दुसऱ्या दिवशी घळ सुरू झाली. दोन्हीकडचे कडे उंच होत गेले, आभाळाची पट्टी राहिली, आणि पाण्याचा आवाज दिसण्याआधी ऐकू येऊ लागला. सातधार नावाच्या जागी खडकांमुळे नदी सात फाट्यांत फुटते. परमानं नाव काठाला लावली, वर चढून पाहून आला आणि म्हणाला, तिसऱ्या धारेतून जाऊ.

आत शिरल्यावर काय झालं ते सांगायला मला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. हल्केचं वल्हं खडकाच्या फटीत अडकलं, त्याचं मनगट पिरगळलं आणि तो उताणा माझ्या अंगावर पडला. माझी वही पाण्यात गेली, मी तिच्यावर झडप घातली. नाव तिरकी होऊ लागली. तेवढ्यात यशोदा उठली, आम्हा दोघांना ओलांडून पुढं गेली आणि वल्हं उपटून घेऊन गुडघ्यांवर बसली. नऊवारीचा काष्टा तिनं आधीच वर खोचलेला होता. नवऱ्याच्या अंगावरून पाय टाकून गेली, हे मला त्या क्षणीसुद्धा जाणवलं.

"दायें, बाईसाब! दायें!" परमा ओरडला. ती आधीच मारत होती. तोंडावर पाणी आलं, नाव एका खडकाला घासून उजवीकडे वळली, उडाली, आणि आम्ही खालच्या डोहात गोल फिरत थांबलो.

ती मागं वळली. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू नाकावर आलेलं, आणि ती हसत होती. पोटातून, आवाज करून. चार वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. तो मला पाहून आला नव्हता, नदीला पाहून आला होता.

"बाईसाब, तुम तो पानी बांच लेत हौ," परमा म्हणाला. म्हणजे पाणी वाचता तुम्ही. मी चौदा वर्षं शिकून नकाशे वाचतो. मला असं कुणी म्हटलं नाही.

हल्केचं मनगट सुजलं. त्यानंतर पुढची जागा कुणी न ठरवताच यशोदेची झाली. पुढचा दीड दिवस मी तिची पाठ पाहत प्रवास केला. पाणी फेसाळ दिसलं की परमा आता मला नाही, तिला विचारी. "का कैत हौ, बाईसाब?" म्हणजे काय म्हणता. ती हातानं दाखवी. कधी त्याचं बरोबर निघे, कधी तिचं. मी खोली मोजत होतो, ओल्या वहीची पानं दगडाखाली वाळवत होतो, काम नीट चाललं होतं. पण कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. मी उतरून वाळूत गेलो असतो तर त्या दोघांना ते कळायला वेळ लागला असता, असं मला वाटे आणि आतून काहीतरी चावत राही.

त्या दीड दिवसात मी काय काय मनात आणलं ते लिहायला लाज वाटते. परमा पन्नाशीचा आहे, त्याला नातवंडं आहेत. यशोदेच्या नजरेत वावगं काही नव्हतं. तसलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं. तिचा आनंद माझ्या हातून आलेला नव्हता, एवढंच होतं, आणि तेवढं मला सोसेना.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना आम्ही नाहरदाढेच्या वर थांबलो. नाहर म्हणजे वाघ. घळीतलं हे शेवटचं आणि सगळ्यात वाईट पाणी. नदी दोन कड्यांमधे आवळली जाते आणि मधोमध एक काळा सुळका उभा. यशोदा आणि परमा कड्यावर चढून पाणी पाहायला गेले. मी खाली चहासाठी काटक्या मोडत होतो. वर ती दोघं हात लांब करून दाखवत होती. मधेच परमा काही बोलला आणि ती हसली. ती खाली आल्यावर मी विचारलं, "एवढं काय बोलून राहिला होता?"

"पाण्याबद्दल," ती म्हणाली, आणि काटक्या माझ्या हातातून घेतल्या. "तुम्ही ओल्या मोडल्यात."

नाहरदाढ

चौथ्या दिवशी सकाळी सामान भरताना मी तिला बाजूला घेतलं.

"तू इथून काठानं जा. हल्के वरच्या पायवाटेनं नेईल. खालच्या वाळूवर भेटू."

"का?"

"धोका आहे."

"काल पाहिलं मी. सुळका दिसला की डावीकडे जोरात मारायचं, नाव उजव्या धारेत शिरते. अवघड आहे, पण वाट आहे."

तिच्याकडे उत्तर तयार होतं. मग मी म्हणालो, "परमाच म्हणाला. काल तू भांडी घासत होतीस तेव्हा. इथं बाईमाणूस पुढं नको, म्हणाला."

"कक्का असं म्हणाले?"

"हो."

वल्हं तिच्या हातात होतं. तिनं ते दोन्ही हातांनी खाली ठेवलं, भरलेलं ताट ठेवावं तसं. कपड्यांचं गाठोडं उचललं आणि परमाकडे न पाहता हल्केच्या मागं चढू लागली.

परमा नावेतून पाहत होता. "बाईसाब?"

"घबरा गईं," मी म्हणालो. "पैदल आएंगी।"

"बाईसाब घबरा गईं?"

"हां।"

त्यानं आपल्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग धोतराच्या टोकानं वल्ह्याची मूठ पुसली आणि म्हणाला, "अच्छा।"

ती दोघं खाली पोचतील एवढा वेळ थांबून पुढच्या जागी मी बसलो. काय करायचं ते मला पाठ होतं. नकाशावर मी त्या धारेचा बाणही काढला होता. पहिल्या उतारावर मी वल्हं मारलं, नाव वळली, आणि मला खरंच वाटलं की हे एवढंच तर होतं. मग सुळका दिसला. तो दुरून दिसला त्याच्या दुप्पट होता, आणि तो आमच्याकडे येत होता. "मारो, साब! बाएं मारो!" परमा ओरडला. मी वल्हं आत ओढलं आणि दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला.

नाव आडवी आदळली. फळी फुटल्याचा आवाज ऐकला आणि मी पाण्यात होतो. पगडी, जोडे, वर-खाली, सगळं गेलं. नाकातोंडात पाणी. एकदा उजेड दिसला तेव्हा खालच्या खडकावरून हाक ऐकू आली.

"अहो, पाठीवर पडा! पाय पुढं करा! पाय पुढं!"

घरात हळू आवाजात बोलणाऱ्या बाईचा तो आवाज मला दोन्ही कड्यांतून ऐकू येत होता. मी पाय पुढं केले. एक खडक टाचांना लागला, त्यानंच मला बाजूला लोटलं. धार ओसरून डोहाशी मिळते तिथं ती पाण्यात उतरली, पोहत आली आणि माझ्या बंडीचा गळा धरून मला ओढत वाळूवर नेलं. पालथं घालून पाठ दाबली. मी पाणी ओकलो.

"बरे आहात?"

मी मान हलवली. ती उठली आणि धावली.

परमा फुटक्या नावेला लटकून डोहात आला होता. आदळताना त्याचं पाऊल नाव आणि सुळका यांच्यामधे सापडलं होतं. हल्केनं आणि तिनं त्याला ओढून घेतलं. ती त्याचं पाऊल मांडीवर घेऊन बसली आणि "कक्का, कक्का" म्हणत राहिली. मी दहा-बारा पावलांवर वाळूत पडलो होतो, नुकता मरणातून ओढलेला, आणि माझ्या मनात आलं की मला हिनं एकदाच विचारलं. तेवढ्या अवस्थेतही ते मनात आलं. म्हणून लिहितो.

मी रांगत त्यांच्याजवळ गेलो. परमाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो तिला म्हणाला, "बाईसाब, तुम काहे डरा गईं? तुम आगे होतीं तो नाव सूधी निकर जाती।"

"मैं डरी?" यशोदा म्हणाली. मग तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना."

मी हिंदीत सांगितलं. बाईसाहेब घाबरल्या नव्हत्या. बाईमाणूस नको, असं परमानं म्हटलं नव्हतं. दोन्हीकडे मी खोटं बोललो.

"काहे?" हल्केनं विचारलं. तो माझ्याशी तोवर कधी मान वर करून बोलला नव्हता.

मी म्हणालो, "जलन हुई।"

परमा डोळे मिटून म्हणाला, "हमने भी दुबारा नईं पूछी, साब। हमें पता थो, बाईसाब डरबे वारी नईयां।" तो थांबत थांबत बोलत होता. सातधारेत तो 'दायें' ओरडला त्याच्या आधीच तिनं वल्हं मारलं होतं. तीस वर्षं ह्या घळीत आधी तोच बोलत आला होता. त्यामुळे ती घाबरली असं मी सांगितलं तेव्हा त्याला ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

यशोदेनं दोघांचं ऐकून घेतलं. ती रडली नाही, रागावली नाही. पदराची किनार फाडून तिनं परमाचं पाऊल काठीला बांधलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू पुढं बसलेली मला बघवत नाही, असं म्हणाला असतात तर मी मागं बसले असते. माझं मला वाईट वाटलं असतं. पण ते कक्कांच्या तोंडी का घातलंत?"



नरवरचा घाट

तिथून गाडीवाट नव्हती. परमाला नेणार तर पाण्यानंच. हल्केनं फुटलेल्या फळीत गाठोड्यातलं माझं कोरडं धोतर आणि तिची गोधडी कोंबली, वर चिखल थापला. हल्के एका हातानं वल्हं मारत पुढं बसला. मागचं लांब वल्हं यशोदेनं घेतलं. मी नावेच्या तळाशी, मांडीवर परमाचा पाय, हातात तांब्या, आणि आत येणारं पाणी उपसत होतो. ह्या प्रवासात माझ्या हातून सलग आणि बिनचूक झालेलं तेवढंच एक काम.

घळ उघडली, कडे मागं राहिले आणि डोंगरावर नरवरचा किल्ला दिसला. इकडे लोक त्याला नळराजाचा किल्ला म्हणतात आणि गावातली म्हातारी माणसं नळाच्या गोष्टी कालपरवाच्या असल्यासारख्या सांगतात. किल्ला पाहायचा मी ठरवून आलो होतो. तो राहिला.

घाटावर धुणी चालली होती. पहिल्यांदा एका बाईनं पाहिलं. "अरी देखियो, बाई नाव खे रई है!" बाई नाव चालवते आहे हे पाहायला धुणी तशीच टाकून सगळ्या उभ्या राहिल्या. वरून माणसं उतरली. पाहता पाहता पायऱ्या भरल्या. यशोदा मागं उभी, काष्टा खोचलेला, केस पाठीवर, नजर पाण्यावर. तिचं लोकांकडे लक्षही नव्हतं. लोकांचं माझ्याकडे नव्हतं. खरं बोलून टाकल्यावर मनातली ती आग विझेल, असं मला वाळूत वाटलं होतं. ती विझलेली नव्हती.

एका म्हाताऱ्यानं पायरीवरून मला विचारलं, "कौन हैं जे?"

"हमारे घर से हैं," म्हणजे माझी बायको, असं मी म्हणालो, आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला उतरता यावं म्हणून नाव धरून उभा राहिलो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाऊल पाहिलं. हाड दोन जागी मोडलं होतं, पण पाय वाचेल म्हणाला. परमाची बायको आणि सुना आल्या. यशोदा त्यांच्यात जाऊन बसली. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून बंडीत बांधून ठेवल्यामुळे वाचलेल्या ओल्या वहीतून घळीच्या खोल्या नव्या कागदावर उतरवून काढल्या. सुळक्याशी येताच हात थांबला. तिथं पाणी किती खोल आहे ते मी मोजलं नव्हतं. खात्यासाठी अंदाजानं लिहिलं, आणि पुढं 'अंदाज' असंही लिहिलं.

लष्करात

परतीच्या वाटेवर आणि त्यानंतरचे काही दिवस घरात आम्ही लागेल तेवढंच बोललो. मी अहवाल लिहिला. नाव माझ्या चुकीनं फुटली, केवटाला नवी नाव बांधून मिळावी, हे लिहिलं. सातधारेतून नाव माझ्या पत्नीनं काढली आणि जखमी केवटाला तिनंच नरवरला पोचवलं, हेही लिहिलं. साहेबांनी पहिलं मान्य केलं. दुसऱ्या दोन वाक्यांवर तांबड्या शाईची रेघ मारली आणि म्हणाले, "सरकारी कागदात घरची मंडळी कशाला?"

ते मी घरी येऊन सांगितलं. यशोदा दारात बसून मेथी निवडत होती.

"मग दुसरीकडे कुठं लिहा," ती म्हणाली.

"तिथं मग बाकीचंही लिहावं लागेल. लोक वाचतील की मी खोटं बोललो."

"वाचू देत."

म्हणून हे लिहिलं.

गेल्या आठवड्यात नरवरहून पत्र आलं. परमाला लिहिता येत नाही. तिथल्या जुन्या पटवाऱ्यानं त्याच्या सांगण्यावरून उर्दूत लिहून दिलं आहे. मला शाळेत उर्दू होतं, यशोदेला अक्षर लागत नाही. ती हात पुसत समोर येऊन बसली आणि मी आधी मनातल्या मनात वाचलं. परमा काठीशिवाय चालायला लागला आहे. नवी नाव पाण्यात उतरली आहे, चांगली चालते. पुढच्या पावसाळ्यानंतर घळीतून परत जायचं आहे. त्या वेळी बाईसाहेबांना जरूर पाठवावं, पुढची जागा त्यांचीच आहे. साहेबांना यायचं असेल तर तेही येऊ शकतात.

"काय म्हणतात कक्का?" तिनं विचारलं.

मी एकदा पत्राकडे पाहिलं. मग जसं लिहिलं होतं तसं, शेवटच्या वाक्यासकट, तिला वाचून दाखवलं.